दुर्बल आम्लाचे गणित आणि आपले पाणी

व्याख्यानाचा विषय छापील पत्रकावर आला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "अहो, वसंतात लोक आंब्याची वाट पाहतात, तुम्ही त्यांना आम्ल काय पाजता?" प्रश्न रास्त होता. दुर्बल आम्लाचे पाण्यात विचरण किती होते, हा काही कुणी चांदण्यात बसून ऐकावा असा विषय नव्हे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हे गणित सोडवायचे, परीक्षेत त्याचे पाच गुण मिळवायचे आणि मग ते जन्मभर विसरायचे, अशीच आपली रीत आहे. आम्हीही ते विसरलो होतो. त्याची पुन्हा आठवण झाली ती कामतघरला.

भिवंडीच्या कामतघर भागात वऱ्हाळा तलाव आहे. काठावर वऱ्हाळदेवीचे मंदिर आहे. नवरात्रात तेथे माणसांची रीघ लागते आणि भाद्रपदात याच पाण्यात गणपती बुडतात. भिवंडीला लागणारे बहुतेक पाणी बाहेरून येते, काही स्टेमच्या योजनेतून तर काही मुंबई महापालिकेकडून. पण या तलावातूनही शहरासाठी थोडे पाणी उचलले जाते. इतिहासाची थट्टा पाहा. तानसा तलावाचे पाणी १८९२ साली मुंबईला पोहोचले, तेव्हापासून मुंबईचे अजस्र नळ भिवंडी तालुक्याच्या जमिनीवरून धावत आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या बायका पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिल्या आहेत. पण तो कज्जा वेगळा. आज आम्हांला बोलायचे आहे ते पाण्याच्या प्रमाणाविषयी नव्हे, तर त्या पाण्यात टाकल्या जाणाऱ्या औषधाविषयी.

विहिरीत किंवा टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात, हे सर्वांना ठाऊक आहे. गावोगावचे पाणीवाले तिला टी.सी.एल. म्हणतात. पावडर टाकल्यावर काही वेळाने नळीत थोडे पाणी घ्यायचे, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. पिवळा आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. याला ओ.टी.ची चाचणी म्हणतात. पिवळा रंग आला की वहीत नोंद होते आणि सगळ्यांचे समाधान होते. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा पिवळा रंग अर्धे सत्य सांगतो. उरलेले अर्धे त्या पाच गुणांच्या गणितात आहे. ते गणित कसे जन्मले आणि फिरत फिरत आपल्या माठापर्यंत कसे आले, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आम्ल 'दुर्बल' आहे म्हणजे ते पातळ केलेले आहे, असे नव्हे. शाळेच्या पुस्तकांत याला 'सौम्य' म्हणतात, त्यामुळे गैरसमज अधिकच वाढतो. आम्ल म्हणजे पाण्यात गेल्यावर हायड्रोजनचा धनभारित कण, म्हणजे आयन, सोडून देणारा पदार्थ. हायड्रोक्लोरिक आम्लाचे रेणू पाण्यात पडताच जवळजवळ सगळे फुटतात. ते तीव्र आम्ल. व्हिनेगारमधल्या ॲसेटिक आम्लाचे थोडेसेच रेणू फुटतात, बाकीचे अखंड राहतात. ते दुर्बल आम्ल. चिंचेतले, लिंबातले, ताकातले, सोड्याच्या बाटलीतले अशी आपल्या स्वयंपाकघरातली सगळी आम्ले या दुर्बळांच्या जातीची आहेत. पण दुर्बल म्हणजे निरुपद्रवी असेही समजू नये. काचेवर नक्षी कोरणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल या व्याख्येने दुर्बलच, पण त्याचा थेंब कातडीवर पडला तर हाडापर्यंत इजा करतो. दुर्बल हा शब्द फक्त एवढेच सांगतो की याचे रेणू फुटायला नाखूष असतात.

ते किती नाखूष असतात, हे मोजायचे कसे? रेणू डोळ्यांना दिसत नाहीत. अखंड किती आणि फुटलेले किती, हे कुणी मोजावे?

येथे १८८४ साल येते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात स्वांटे अऱ्हेनियस नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने द्रावणांच्या विद्युत्‌वाहकतेवर प्रबंध सादर केला. क्षार किंवा आम्ल पाण्यात विरघळले की त्याचा काही हिस्सा 'क्रियाशील' होतो, काही निष्क्रिय राहतो, आणि पाणी वाढवत गेले की क्रियाशील हिस्सा वाढत जातो, असे त्याचे प्रतिपादन होते. परीक्षकांना ते मानवले नाही. प्रबंध नापास झाला नाही, पण त्याला इतका खालचा दर्जा मिळाला की विद्यापीठात अध्यापक होण्याची वाट त्याने बंदच व्हावी. तरुणाने प्रबंधाच्या प्रती परदेशी पाठवल्या. त्यांतली एक रीगा शहरात विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्या हाती पडली. ऑस्टवाल्डही तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावरचे. त्यांनी अगदी निराळ्या वाटेने आम्लांची ताकद मोजली होती. साखरेच्या पाण्यात निरनिराळी आम्ले टाकून साखर किती वेगाने विघटते, हे ते पाहत होते. त्यांनी अऱ्हेनियसच्या वाहकतेचे आकडे आपल्या वेगांच्या आकड्यांशेजारी मांडले, आणि दोन्ही एका सुरात बोलू लागले. त्याच ऑगस्टात ते या तरुणाला भेटायला उप्सालाला गेले. घरच्यांनी खालचा दर्जा दिला आणि परका माणूस समुद्र ओलांडून आला! विद्यापीठांची ही चाल जुनी आहे, आणि ती केवळ स्वीडनपुरती आहे असे आम्हांला वाटत नाही.

'क्रियाशील' म्हणजे काय, हे अऱ्हेनियसने स्पष्ट शब्दांत सांगितले ते १८८७ साली: रेणू फुटून मोकळे आयन झालेले असतात. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, ऑस्टवाल्ड यांनी त्याचे गणित मांडले. तेच आमचे आजचे गणित. सूत्र फळ्यावर न लिहिता आम्ही ते देवीच्या उत्सवातल्या गर्दीने सांगतो.

कल्पना करा की तलावाकाठी दाट गर्दी आहे आणि माणसे जोडीजोडीने हात धरून चालली आहेत. धक्क्याने काही जोड्या सुटतात. सुटलेले एकटे फिरतात, पण गर्दी दाट असल्याने त्यांना दुसरा कुणी एकटा लगेच भेटतो आणि पुन्हा जोडी जमते. (रेणूंच्या जगात कुणीही कुणाशी जोडी जमवतो; तेवढा फरक सोडून द्यावा.) किती जोड्या सुटतील, हे जोड्यांच्या संख्येवर अवलंबून असते, पण किती पुन्हा जमतील, हे दोन्ही बाजूंच्या एकट्यांच्या संख्येवर, म्हणजे त्यांच्या गुणाकारावर, अवलंबून असते. आता हीच माणसे चार पट मोठ्या मैदानावर पसरवा. जोड्या पूर्वीसारख्याच सुटतील, पण एकट्याला एकटा भेटणे अवघड होईल, आणि एकटे राहणाऱ्यांचा हिस्सा वाढेल. सुटणे आणि जमणे जेथे सारखे होते तेथे समतोल. ऑस्टवाल्ड म्हणाले: फुटलेल्या हिश्श्याचा वर्ग घ्या, त्याला आम्लाच्या संहतीने गुणा, अखंड हिश्श्याने भागा, उत्तर त्या आम्लापुरते नेहमी एकच येईल, मग पाणी कितीही वाढवा. या उत्तराला त्या आम्लाचा विचरण-स्थिरांक म्हणतात.

ॲसेटिक आम्लाचा हा स्थिरांक सुमारे ०.००००१८ आहे. एक लिटर पाण्यात ६ ग्रॅम आम्ल घेतले तर हजार रेणूंतले सुमारे १३ फुटतात. पाणी दहापट केले तर हजारांतले ४१. शंभरपट केले तर १२५. म्हणजे आम्ल जसजसे पातळ तसतसा त्याचा फुटलेला हिस्सा अधिक. कारभारी माणसाला हे पटत नाही. पातळ केल्यावर जोर वाढतो म्हणजे काय? जोर वाढत नाहीच. मोकळ्या हायड्रोजन आयनांची लिटरमागची संख्या कमीच होते, पण पाणी दहापट झाले तरी ती दहापट न घटता तिपटीहून थोडी अधिक घटते. व्हिनेगारात पाणी घालून घालून त्याचा आंबटपणा लवकर मरत नाही, हा स्वयंपाकघरातला अनुभव या गणिताशी जुळतो.

हे आकडे मिळवण्याची कृतीही सांगण्यासारखी आहे. फ्रीडरिश कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञाने द्रावणातून उलटसुलट दिशेने वाहणारा विद्युत्‌प्रवाह सोडून त्याची वाहकता मोजण्याची युक्ती काढली होती. एकाच दिशेचा प्रवाह सोडला तर तारांच्या टोकांवर पदार्थ साचून मोजमाप बिघडते. प्रवाह तोलला गेला की नाही हे कळायला नुकताच निघालेला टेलिफोन कानाला लावायचा. गुणगुण ऐकू येत असेल तर तोल नाही. गुणगुण थांबली की आकडा टिपायचा. ऑस्टवाल्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशी शांतता ऐकत ऐकत १८८९ पर्यंत दोनशेंहून अधिक सेंद्रिय आम्लांचे स्थिरांक ठरवले.

तीव्र आम्लांना मात्र हा नियम लागू पडेना. तेथे स्थिरांक स्थिर राहीना. त्या कोड्यावर १९१८ च्या सुमारास कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष या तरुणाने मांडलेल्या उपपत्तीची युरोपात चर्चा झाली. १९२३ साली डेबाय आणि ह्यूकेल यांनी तिच्या जागी अधिक पक्की उपपत्ती दिली. घोष पुढे बंगलोरच्या विज्ञान संस्थेचे आणि खरगपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले. हा प्रांत आमच्या आजच्या वाटेवरचा नाही.

आता दुसरा धागा उचलू, आणि तो कापडाचा आहे. भिवंडीत बोलताना कापडाला टाळून चालणारच नाही. कोरे कापड पिवळट असते. ते पांढरे करण्यासाठी युरोपात ते महिनोन्महिने कुरणांवर उन्हात पसरीत आणि आंबट दुधात बुडवीत. क्लोरीन वायू शेले याने १७७४ साली मिळवला होता. तो रंग खातो हे बेर्तोले या फ्रेंच रसायनज्ञाने १७८५ च्या सुमारास ओळखले, आणि १७९९ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटने तो वायू विझवलेल्या चुन्यात मुरवून पावडर केली. तीच ब्लीचिंग पावडर. महिन्यांचे काम दिवसांवर आले. म्हणजे आज जी वस्तू आपण पाण्याचे औषध म्हणून ओळखतो, ती जन्माने गिरणीतली आहे. नाव आजही तेच सांगते.

गिरणीतून ती इस्पितळात गेली. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू घटले. का घटले, हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हते; जंतू हा शब्दच अजून रुळायचा होता. तो रुळवणाऱ्यांतले एक रॉबर्ट कॉख कलकत्त्याला आले, आणि एका तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचा जंतू सापडला. साल कोणते? १८८४. इकडे बंगालमधल्या तळ्याकाठी पाण्यातला शत्रू ओळखला गेला आणि तिकडे उप्सालात, त्याच वर्षी, त्या शत्रूवर चालणाऱ्या शस्त्राच्या धारेचे गणित खालच्या दर्जाने पास होत होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे त्या वर्षी जगात कुणालाही वाटले नसते. आम्हांला इतिहास आवडतो तो अशा जागांसाठी.

आपल्या देशात पटकीशी पहिली झुंज ब्लीचिंग पावडरने नव्हे, तर पोटॅशियम परमँगनेटने झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आग्र्याच्या हँकिन यांनी विहिरींत ते टाकण्याचा पुरस्कार केला. आमच्या लहानपणीसुद्धा 'लाल औषध टाकले' असे म्हणत. विहीर दोन दिवस जांभळी दिसायची, आणि म्हातारी माणसे ते पाणी देवाला घ्यायची नाहीत. पंढरीच्या वाटेवर पटकी वारकऱ्यांबरोबर चालायची, त्या काळात जांभळी विहीर पाहून कित्येकांना धीर आला असेल.

शहराच्या नळाला कायमचे क्लोरीन देण्याचे धाडस अमेरिकेत जर्सी सिटी येथे १९०८ साली झाले. पाण्यात असे रसायन घालणे योग्य की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे आला. पाणी कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांना न्यायाधीशांपुढे साक्ष द्यावी लागली. शेवटी कोर्टाने ही पद्धत मान्य केली. त्यानंतर काही वर्षांतच गावोगाव क्लोरीन आले आणि विषमज्वर हटत गेला.

पण क्लोरीन जंतूंना मारतो कसा? वर्षानुवर्षे लोक म्हणत, त्यातून ताजा प्राणवायू निघतो, तो जंतूंना जाळतो. कारण ठाऊक नसले तरी औषध चालत होते. मात्र ते कधी कधी चालत नसे. तेवढाच क्लोरीन, तेवढाच वेळ, आणि एका ठिकाणी जंतू मरत, दुसऱ्या ठिकाणी राहत. १९४३ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्यातील बटरफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर प्रयोगांनी दाखवले की पाण्याचा सामू वाढला की क्लोरीन मंदावतो. सामू म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा अंक. तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सॉरेन्सन यांनी १९०९ साली प्रचारात आणला. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क. आकडा जितका खाली तितके पाणी आम्ल, आणि एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांत दहापटीचा फरक. १९४८ साली हार्वर्ड विद्यापीठातले फेअर, मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी या कोड्याची उकल केली. उकल करायला त्यांना नवे काही शोधावे लागले नाही. साठ वर्षांपूर्वीचे ऑस्टवाल्ड यांचे गणित पुरले.

क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर पाण्यात गेली की तिच्यापासून हायपोक्लोरस नावाचे आम्ल तयार होते. हे दुर्बल आम्ल आहे. ॲसेटिकपेक्षाही कितीतरी दुर्बल. त्याचा स्थिरांक ०.०००००००३ च्या आसपास आहे. त्याचा अखंड रेणू विद्युत्‌भाररहित असतो, म्हणून तो जंतूच्या कवचातून सहज आत शिरतो. फुटलेला आयन ऋणभारित. जंतूचे कवचही बाहेरून ऋणभारित, त्यामुळे तो दारातच अडतो. अखंड रेणू हा फुटलेल्या आयनापेक्षा जंतू मारण्यात ८० ते १०० पटींनी प्रभावी आहे असे प्रयोगांवरून धरले जाते. तेव्हा खरा प्रश्न 'क्लोरीन किती घातला' हा नसून 'त्यातले आम्ल फुटले किती' हा आहे. परीक्षेतल्या पाच गुणांच्या प्रश्नाचे हेच खरे पोट.

आता गणित करू. निखळ शुद्ध पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन होईल इतकेच हायपोक्लोरस आम्ल घातले, तर ऑस्टवाल्ड यांच्या सूत्राने हजारांत सुमारे ४५ रेणू फुटतील, ९५५ अखंड. उत्तम! पण हे उत्तर कामतघरला उपयोगाचे नाही. शुद्ध पाण्यात आम्ल स्वतःच घरचा मालक असते. पाण्यात हायड्रोजन आयन किती, हे तेच ठरवते. तलावात ते पाहुणे असते. तेथे आधीच दुसरे एक दुर्बल आम्ल बिऱ्हाड करून बसलेले असते, ते म्हणजे हवेतला कर्बवायू विरघळून झालेले कार्बोनिक आम्ल आणि त्याचा खडकांतून आलेल्या क्षारांशी जमलेला संसार. हायड्रोजन आयनांची संख्या हे जोडपे ठरवते. १९०८ साली हेंडरसन यांनी रक्तातल्या कार्बोनिक आम्लासाठी जी मांडणी केली तीच येथे चालते: पाहुण्या आम्लाचा फुटलेला आणि अखंड हिस्सा यांचे गुणोत्तर म्हणजे त्याचा स्थिरांक भागिले पाण्यातले हायड्रोजन आयन. यात पाहुण्याची स्वतःची संख्या कोठेच येत नाही. क्लोरीन कमी घाला की जास्त. फुटण्याचे प्रमाण तलावच ठरवतो.

हायपोक्लोरस आम्लासाठी हे गुणोत्तर सामू ७.५ ला समसमान होते: अर्धे अखंड, अर्धे फुटलेले. सामू ६.५ असेल तर अकरांतले दहा अखंड. ७ असेल तर शंभरांत सुमारे ७६. ८ असेल तर सुमारे २४. ८.५ ला अकरांत एकच, म्हणजे शंभरांत ९. आणि सामू ९ झाला तर शंभरांत तीनच. क्लोरीन तेवढाच, नळीतला पिवळा रंगही तेवढाच, कारण ऑर्थोटोलिडीनला अखंड आणि फुटलेला यांत फरक कळत नाही. ही चाचणी बनवणाऱ्यांचा यात दोष नाही; त्यांनी ती क्लोरीन मोजण्यासाठी बनवली होती, त्याचे विचरण मोजण्यासाठी नव्हे.

आता कुणी म्हणेल, तलावाचा सामू एवढा बदलतो कशाने? उन्हाने. उथळ तलावात सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद जमले की पाण्याला हिरवे शेवाळ धरते. ते शेवाळ दिवसा उन्हात पाण्यातला कर्बवायू खाते. कर्बवायू गेला की कार्बोनिक आम्ल कमी होते आणि सामू चढतो. रात्री शेवाळ श्वासातून कर्बवायू परत सोडते आणि सामू उतरतो. अशा हिरव्या तलावांत दुपारी सामू नऊच्याही पुढे जातो, हे जगभर मोजलेले आहे. एकाच तलावाचे पाणी पहाटेचे वेगळे आणि तिसऱ्या प्रहरचे वेगळे.

समजा, अशा एखाद्या तलावाच्या पाण्यात पहाटे सामू ७.५ असताना लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरला, त्यातला ०.२५ मिलिग्रॅम अखंड रूपात, म्हणजे कामाचा. तेच दुपारी सामू ८.५ ला: अर्ध्यातला जेमतेम ०.०४५. पहाटेइतकेच काम करून घ्यायचे तर पावणेतीन मिलिग्रॅम क्लोरीन हवा, आणि त्या वासाचे पाणी कुणी तोंडाला लावणार नाही. वहीत मात्र दोन्ही वेळी 'पिवळा' अशीच नोंद.

तरी फुटलेला हिस्सा अगदीच वाया गेला असे समजू नये. अखंड रेणू खर्ची पडले की समतोल ढळतो आणि फुटलेले पुन्हा जुळून त्यांची जागा घेतात. फुटलेला हिस्सा म्हणजे कणगीतले धान्य, अखंड म्हणजे परातीतले पीठ. कणगी भरलेली असली तरी या घटकेला भाकरी पिठाचीच होणार. जंतू मरण्याचा वेग या क्षणी पाण्यात किती अखंड रेणू आहेत यावर ठरतो. आणि टाकीतून पाणी सुटायला आपल्याकडे कुणी थांबत नाही. आणखी एक बाब. ब्लीचिंग पावडरीत चुना असतो, ती स्वतःच सामू थोडा चढवते. तुरटी सामू उतरवते. क्लोरीन वायूही उतरवतो. तुरटी आधी की पावडर आधी, हा केवळ कामाच्या सोयीचा प्रश्न नाही.

यात पणाला काय लागते, ते दिल्लीने दाखवले. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात तेथे काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९,००० लोकांना उघड कावीळ झाली. यमुनेच्या पाण्यात नजफगढ नाल्याची घाण उलटून आली होती. पाणीखात्याला ते कळले होते, आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवलीही होती. त्या साथीत विषमज्वर फारसा वाढला नाही. म्हणजे जंतू मेले, पण त्यांहून चिवट विषाणू वाचला. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने १९८० साली पुन्हा तपासले गेले, त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकही होते. ही कावीळ तोवर ओळखीच्या विषाणूंची नव्हे, निराळ्याच विषाणूची, असे ठरले. आज त्याला हेपटायटिस ई म्हणतात. ही साथ केवळ सामूमुळे आली असे आम्ही म्हणत नाही. पाण्यात गढूळपणा होता, आणि घाणीतला अमोनिया क्लोरीनला बांधून टाकतो, मग हायपोक्लोरस आम्ल उरतच नाही. पण मूळ मुद्दा तोच आहे: पाण्यात क्लोरीन 'घातला' आणि पाण्यात क्लोरीन 'कामाच्या रूपात आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत दिल्लीत हजारो माणसे आजारी पडली.

जाणत्यांनी यातून धडा घेतला नाही असे नाही. १९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. आज तीच 'नीरी' म्हणून ओळखली जाते. खेड्यातल्या विहिरींसाठी मडक्यात वाळू आणि ब्लीचिंग पावडर भरून, भोक पाडून ते पाण्यात टांगायचे, म्हणजे क्लोरीन हळूहळू झिरपत राहतो, या साध्या युक्तीवर तेथे काम झाले. कुंभाराच्या मडक्यात ऑस्टवाल्डचे रसायन! जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आज असे म्हटले आहे की लिटरला किमान अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन, किमान अर्धा तास, आणि सामू ८ च्या खाली. पहिल्या दोन अटी आपल्याकडच्या बहुतेक पाणीवाल्यांना पाठ असतात. तिसरी अट कुणी फारशी उच्चारत नाही. त्या '८' या आकड्यात टेलिफोन कानाला लावून बसलेले ऑस्टवाल्डचे विद्यार्थी आहेत.

सामू पाहायला मोठे यंत्र लागत नाही. रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या शाळेच्या प्रयोगशाळेत असतात. अचूक नसल्या तरी सात आणि नऊ यांतला फरक त्या दाखवतात. कामतघरातल्या आणि आसपासच्या शाळांतल्या विज्ञानशिक्षकांना आमचे एक सुचवणे आहे. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन वऱ्हाळा तलावावर एकदा पहाटे सहाला जावे, एकदा दुपारी तीनला. एकदा पावसाळ्याच्या तोंडी आणि एकदा उन्हाळ्यात, पाणी खाली गेल्यावर. विसर्जनानंतरही एकदा. पट्टी बुडवावी, रंग टिपावा, आणि वर्गात येऊन फळ्यावर त्या त्या सामूला शंभरांतले किती अखंड राहतील ते मुलांकडूनच काढून घ्यावे. आकडे मुलांच्या हाताने यावेत. आणि मग ती वही पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नेऊन दाखवावी, ओ.टी.च्या वहीशेजारी ठेवून.